अध्यक्ष जमिनीवर बसले

"चालायचं नंतर बघू. आधी मला जमिनीवर बसता यायला हवं."

म्हातारा हे त्याच्या भाषेत म्हणाला आणि वान्नीने मला मराठीत सांगितलं, तेव्हा त्याचा जुना पाय माझ्या हातात होता. लाकूड, पोलाद आणि कातडं! मांडीवर आवळायचा चामडी पट्टा, गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना लोखंडी बिजागऱ्या, आणि खाली पावलाच्या जागी काळा चकचकीत बूट, तोही कायमचा ठोकून बसवलेला. वजन विचारू नका. मी तो टेबलावर ठेवला तर टेबलावरचा चहा हिंदकळला.

"ह्याच्यावर चालता येतं तुम्हाला?" मी विचारलं.

"वीस वर्षं चालतोय की. परेडची सलामीसुद्धा ह्याच पायावर उभं राहून घेतो."

परेडची सलामी म्हटल्यावर माझी ट्यूब पेटली. हा चेहरा मी विमानतळावर पाहिला होता, पोस्टात पाहिला होता, आणि आमच्या वर्कशॉपच्या भिंतीवर तर माझ्या डोक्यावरच टांगलेला होता. मी वर बघितलं, खाली बघितलं. तोच. देशाचा अध्यक्ष माझ्यासमोर एक पाय टेकून, दुसऱ्या पायाची रिकामी पॅन्ट लोंबकळवत स्टुलावर बसला होता. आणि तासभर आधी मी त्याला, "ओ काका, रांगेत बसा, नंबर आला की बोलावते," असं म्हणून बाकावर बसवलं होतं.

"अगं, आधी नाही का सांगायचं?" मी वान्नीवर डाफरले.

"त्यांनीच सांगू नको म्हटलं," वान्नी म्हणाली. "आणि ताई, तुम्ही ज्या आवाजात त्यांना बसा म्हणालात ना, त्या आवाजात त्यांच्याशी कित्येक वर्षांत कुणी बोललं नसेल. खूश झालेत ते."

ही वान्नी म्हणजे आमच्या पथकाची दुभाषी. चाळिशीची बाई. पुण्यात हॉस्टेलवर राहून शिकली होती आणि तिथून पदवीबरोबर खास पुणेरी जीभही घेऊन आली होती. मी मिरजेची, इंदुमती गवंडी, पाय करणारी. डॉक्टर नव्हे. माझ्या सासूबाई म्हणायच्या, सुनेचं तोंड फटकळ पण हात हळुवार. तोंडामुळे मी बरंच गमावलं आणि हातांमुळे परदेश पाहिला. मेकाँगच्या काठच्या ह्या देशात लढाई संपून वीस वर्षं झाली तरी शेतात पडून राहिलेले बॉम्ब फुटायचे आणि लोकांचे पाय जायचे. त्यांना जयपूर फूट बसवून द्यायला आमचं पथक गेलं होतं. देशाचं नाव मी सांगणार नाही आणि अध्यक्षांचं खरं नावही घेणार नाही. इथे त्यांना थोंगवान म्हणते. ह्या गोष्टीला आता पंचवीस-तीस वर्षं झालीत, पण शब्द म्हणजे शब्द.

दारात एक उंच, सुकलेला माणूस उभा होता. कॉम्रेड सिसाना, अध्यक्षांचे सचिव. तो आत आला आणि मला म्हणाला, "ही गोष्ट ह्या खोलीबाहेर जाता कामा नये."

"पाय गेला ह्यात लपवायचं काय आहे? इथे रोज पंचवीस माणसं येतात बिनपायांची."

"ती माणसं वेगळी," सिसाना म्हणाला. "लढाईत नऊ वर्षं डोंगरावर बॉम्ब पडत होते. सगळं नेतृत्व गुहांमध्ये राहत होतं. कॉम्रेड थोंगवान बाहेर उभे राहून तोफा लावायचे. लोक म्हणतात, बॉम्ब त्यांना बघून बाजूला पडतो. शाळेतली पोरं ह्याच्यावर गाणं म्हणतात."

"गाण्याला चाल चांगली आहे," अध्यक्ष मध्येच म्हणाले. "शब्द मात्र भिकार आहेत."

मी हसले. मग कामाला लागले. "बरं, गुपित तर गुपित. पण माप घ्यायचं तर मला उरलेला पाय बघावा लागेल. पॅन्ट काढायला सांग."

वान्नी खिडकीबाहेर बघायला लागली.

"अगं सांग की!"

"ताई, राष्ट्राध्यक्ष आहेत ते. मी त्यांना पॅन्ट काढा कसं म्हणू?"

अध्यक्षांनी आमच्या तोंडांकडे बघितलं आणि ते काय ते समजले. त्यांनी स्वतःच कमरेचा पट्टा सोडला. सिसानाने भिंतीकडे तोंड केलं.

पाय गुडघ्याच्या चांगला चार बोटं खाली कापलेला होता. जखम जुनी, कातडी निरोगी, आणि गुडघा त्यांचा स्वतःचा, शाबूत. माझा जीव भांड्यात पडला. गुडघा असला की निम्मी लढाई जिंकलेली असते. त्यांना खाली बसू देत नव्हता तो मांडीपर्यंतचा लोखंडी सांगाडा. एका मित्रदेशाने मोठ्या मानाने करून दिलेला. त्या देशात बर्फ पडतो, माणसं खुर्चीवर बसून जेवतात, घरात बूट घालून फिरतात. त्यांनी त्यांच्या हिशेबाने चांगलाच पाय केला होता. मी त्यांना नावं ठेवणार नाही.

प्लास्टरच्या पट्ट्या ओल्या करून मी साचा घ्यायला लागले. प्लास्टर सुकेपर्यंत माणसाला हलता येत नाही, म्हणून तो बोलतो. हा माझा आजवरचा अनुभव. राष्ट्राध्यक्षही त्याला अपवाद नव्हते.

"बाप नदीवर लाकडं वाहून न्यायचा," ते सांगू लागले. "मला देवळात ठेवलं, भिक्षूंजवळ. अक्षर तिथे शिकलो. मग फ्रेंच साहेबांच्या रस्त्यावर खडी फोडली. खडी फोडता फोडता एकदा मुकादमालाही फोडला. तिथून जंगलात. जंगलातून तुरुंगात. तुरुंगात मार्क्स भेटला."

"आणि बाहेर कसे आलात?"

"भिंत पाडून. खडी फोडायचा सराव होता ना!" ते स्वतःच हसले. "मग पुन्हा जंगल, मग गुहा. गुहेत आमची शाळा होती, छापखाना होता, दवाखाना होता. तिथे मी सेनापती झालो. लढाई संपल्यावर मंत्री, आणि आता हे." त्यांनी भिंतीवरच्या स्वतःच्याच तसबिरीकडे बोट दाखवलं. "सगळं मिळालं, लूक. तक्रार करायला जागा नाही."

लूक म्हणजे लेकरू. दोन पोरांची आई मी, अडतीस वर्षांची घोडी, पण ते मला लूकच म्हणायचे. वान्नी मला त्यांना 'महोदय' म्हणायला शिकवत होती. ते म्हणाले, महोदय पुष्कळ झाले, मला लुंग म्हण. लुंग म्हणजे थोरला काका. मग ते माझे लुंग झाले.

पुढच्या खेपेला मी पाय तयार ठेवला. आमचं काम साधं असतं. शेतात उसाला पाणी द्यायला असतात तसल्या प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा भट्टीत मऊ करायचा आणि पायाच्या साच्यावर ओढून बसवायचा, की झालं सॉकेट. गुडघ्याखालचा उरलेला पाय ह्या सॉकेटात जातो. गुडघ्याच्या वर एक पट्टा, तो सगळं धरून ठेवतो. आणि खाली रबराचं पाऊल. सावळं, घोट्यात वाकणारं.

लुंगनी ते पाऊल हातात घेतलं आणि एकेका बोटावरून अंगठा फिरवला.

"ह्याला बोटं आहेत!"

"मग? पावलाला बोटं नसतात होय?"

"आणि बूट?"

"हवा तर घाला, नको तर काढा. अनवाणी चाला, चिखलात चाला, झाडावर चढा. माझी काही हरकत नाही."

त्यांनी पाऊल मांडीवर घेतलं आणि पुन्हा एकेक बोट मोजलं. त्या देशात कुणाच्याही घरात जाताना चपला-बूट दाराशी काढतात, अगदी आपल्यासारखंच. तेव्हा ते माझ्या डोक्यात आलं नाही. मला वाटलं, म्हाताऱ्याला पाऊल आवडलं.

मग सुरू झाली आमची तालीम. मी जमिनीवर चटई घातली, भिंतीला धरायला दांडा लावला आणि त्यांना मांडी घालून बसायला शिकवायला लागले. आधी टेका, मग गुडघा बाहेर, मग पाऊल आत. सत्तरीचा माणूस, वीस वर्षांत जमिनीला अंग न लावलेला. कंबर कुरकुरायची, घाम फुटायचा. मी ओरडायची, "श्वास कशाला धरताय? सोडा! काय सलामी घ्यायचीय का?" वान्नी हे सगळं जसंच्या तसं सांगायची आणि सिसाना दर वेळी दचकायचा.

आणि एक दिवस ते बसले! दांडा न धरता, कुणाचा हात न घेता, फतकल न मारता, नीट मांडी घालून बसले. पाठ ताठ. वर्कशॉपमधली सगळी मंडळी टाळ्या वाजवायला लागली. वान्नी तर रडायलाच लागली. मी अशी काही फुगले! मनात म्हटलं, इंदे, तू राष्ट्राध्यक्षाला मांडी घालायला लावलीस, आता मिरजेत तुझा सत्कार व्हायला हरकत नाही.

लुंग हसले. मग त्यांनी हात टेकला आणि दोन्ही पाय एका बाजूला वळवून मागे न्यायचा प्रयत्न केला. खरा पाय गेला. रबरी पाय अर्ध्यावर अडला, सॉकेटची मागची कड मांडीखाली रुतली आणि ते कोपरावर कलंडले.

"अहो, अहो! हे काय करताय?"

"हे येत नाही अजून," ते धापा टाकत म्हणाले.

"पण हे करायचंय कशाला? छान मांडी आली की!"

वान्नीने कपाळावर हात मारला. "अरे देवा. चुकलंच, ताई. तुम्ही मांडी शिकवत होतात आणि मीही शहाणी मुकाट्याने सांगत होते. मांडी आम्ही मित्रांत घालतो, जेवताना घालतो. वडीलधाऱ्यांसमोर असं बसतात." ती खाली बसली. गुडघे पुढे, दोन्ही पावलं एका बाजूने मागे दुमडलेली, तळवे कुणाकडेही वळलेले नाहीत. "आणि डोकं त्यांच्या डोक्यापेक्षा खाली."

माझा फुगा फुटला. मी थेट लुंगकडे वळले. "मग हे पहिल्याच दिवशी सांगायला तोंडात काय धरलं होतं?"

वान्नीने हे किती मऊ करून सांगितलं कुणास ठाऊक, पण ते ओशाळले. "तू इतक्या हौसेने शिकवत होतीस. मला वाटलं, ह्या पायाला एवढंच येत असेल. एवढं आलं तरी पुष्कळ. पण आता बसलो म्हटल्यावर हाव सुटली."

"पण मी म्हणते, तुम्हाला असं बसायचंय कुणासमोर? ह्या देशात तुमच्यापेक्षा मोठं आहे कोण?"

खोलीतले सगळे एकदम कामाला लागल्यासारखे इकडेतिकडे झाले. लुंगनी आपला रबरी पाय हाताने उचलून सरळ केला.

"आई," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. ह्या वेळी प्लास्टर नव्हतं, तरी ते हलले नाहीत.

जंगलात जायच्या आधी ते आईला भेटायला गावी गेले होते. तिने त्यांच्या मनगटाला पांढरा दोरा बांधला. त्यांच्याकडे समजूत अशी, की माणसाच्या अंगात बत्तीस प्राण असतात, एकेका अवयवाचा एकेक. त्यांना ते खवान म्हणतात. माणूस दूर निघाला, भ्याला, आजारी पडला की एखादा खवान वाटेत मागे राहतो. म्हणून घरच्यांनी हाका मारून त्यांना बोलवायचं आणि दोरा बांधून अंगात ठेवायचं. आई दोरा बांधताना म्हणाली, "जसा जातोयस तसाच्या तसा परत ये."

"मी परत आलो तो लढाई जिंकून, हेलिकॉप्टरने. पायात हे लाकूड. आई घरात चटईवर बसली होती, ताटात दोरे घेऊन. सारा गाव जमलेला. मला बूट काढता येईना, खाली बसता येईना. कुणीतरी खुर्ची आणली आणि मी बसलो. आई जमिनीवर, मी खुर्चीवर, माझं डोकं तिच्या डोक्याच्या वर. तिने माझ्याकडे बघितलं, मग दोरे गुंडाळून टोपलीत ठेवले आणि हात जोडून म्हणाली, 'महोदय, आपण आलात, गावाचं भाग्य.'"

"मग सांगायचं ना तिला! पाय गेलाय म्हणून!"

"तसाच्या तसा ये म्हणाली होती, लूक. तिला काय सांगू, पाय विसरून आलो? दर नव्या वर्षाला जातो. दर वर्षी खुर्ची. आणि माझी आई मला महोदय म्हणते. नव्वदी ओलांडलीय तिने. आता किती नवी वर्षं उरलीत?"

त्यांचं नवं वर्ष एप्रिलमध्ये येतं, ऐन उन्हात. ते पंधरवड्यावर आलं होतं. मला इतकं भरून आलं की मी नाक शिंकरलं आणि म्हटलं, "तो पाय काढा आणि द्या इकडे."

सॉकेटची मागची कड मी खाली कापली, तापवून बाहेर वळवली, म्हणजे गुडघा पुरता दुमडला तरी शिरांना जागा राहील. पण कड खाली गेली की पकड सैल होते. मग सगळा भार वरच्या पट्ट्यावर. जमिनीवर ठीक होतं. त्यांचं गावचं घर मात्र खांबांवर उभं, वर जायला लाकडी शिडी.

मी कड घासत बसले होते तेव्हा सिसाना आला. वान्नीला घेऊन आला होता.

"शिडीवर पाय निसटला तर? साऱ्या गावासमोर?"

"निसटू नये असं बघतेय."

"खात्री देता?"

"नाही," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

तो भडकेल असं वाटलं होतं. तो स्टुलावर बसला. "बॉम्ब पडला तेव्हा त्यांना पाठीवर घेऊन गुहेत आणणारा मीच," तो म्हणाला. "शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य बोलले ते हे, की आईला कळू देऊ नका. पक्षाने गुपित केलं ते नंतर. आणि ही दोऱ्याची गोष्ट पक्षाच्या पुस्तकात बसत नाही, ती वेगळीच. पण मला त्याची भीती नाही. ते पडले आणि लोक हसले, तर मी काय करू?"

"तुम्ही मागे उभे राहा," मी म्हटलं.

"मागे तुम्ही उभ्या राहा," तो म्हणाला. "पाय तुमचा आहे."

तर अशी मी अध्यक्षांच्या मोटारींच्या ताफ्यातून त्यांच्या गावी गेले. नव्या वर्षाला तिकडे एकमेकांवर पाणी ओतायची पद्धत. राष्ट्राध्यक्षांवर कुणी ओतलं नाही, पण मी जीपमधून पाय खाली ठेवायच्या आत गावच्या बायकांनी मला नखशिखांत भिजवलं. साडी अंगाला चिकटली, कुंकू ओघळलं, आणि बायका खिदळायला लागल्या. मीही एकीच्या हातातली बादली हिसकून तिच्याच डोक्यावर उपडी केली.

घर उंच खांबांवर होतं, पुढे मोठा उघडा सोपा. अंगणात, घराखाली, झाडांवर, जिथे बघाल तिथे माणसं. वर सोप्यात चटईवर एक एवढीशी म्हातारी बसलेली. केस पांढरेशुभ्र, विडा खाऊन दात काळे, समोर चांदीच्या ताटात फुलं, भात आणि दोरे. सगळे तिला मे म्हणत होते. मे म्हणजे आई. तिच्यासमोर, लाल गादी घातलेली, ती खुर्ची.

लुंग शिडीपाशी आले. त्यांनी वाकून बूट काढले. दोन्ही. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. पाऊल पावलासारखं दिसत होतं, रंगही जुळलेला. पण सिसानाने डोळे मिटून घेतलेले मी पाहिले.

ते चढायला लागले. मी मागे. अर्ध्या शिडीवर ते थांबले. त्यांनी मागे वळून लोकांना हात केला, लोकांनी गजर केला. पण मला त्यांची मान दिसत होती, आणि मानेच्या शिरा ताठल्या होत्या. पट्टा सरकला होता! पाय सॉकेटातून वर येत होता. मी दोन पायऱ्या पुढे झाले, पदर सावरल्यासारखं केलं आणि रबरी टाचेखाली तळहात घालून जोर लावून पाय वर ढकलला.

"चला," मी मराठीतच म्हटलं. "मी आहे. चला!"

ते चढले.

सोप्यात गेल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती ही, की खुर्ची दोन्ही हातांनी उचलली आणि कठड्यावरून खाली सिसानाच्या हातात दिली. अंगणात कुजबुज उठली. मग ते चटईवर गुडघ्यावर आले, हात टेकला आणि दोन्ही पाय एका बाजूने मागे घेतले. कड रुतली नाही, कोपर टेकलं नाही. अध्यक्ष आईसमोर जमिनीवर बसले, आणि मान खाली घालून त्यांनी नव्या वर्षाच्या रिवाजाप्रमाणे तिच्या हातांवर फुलांचं पाणी ओतलं.

मे बघत राहिली. "महोदय," ती म्हणाली, "खाली का बसलात?"

वान्नी माझ्या कानात सांगत होती.

"आईसमोर बसतात तसा बसलोय," लुंग म्हणाले. "चुकलं असेल ते पोटात घाल."

म्हातारी पुढे सरकली. त्यांच्या पॅन्टची कड चुरगळून वर गेली होती. ती सरळ करायला तिने हात नेला. आईच ती, राष्ट्राध्यक्ष असला तरी कपडे नीट नकोत का? आणि तिचा हात पावलाला लागला.

तिने हात मागे घेतला. मग पुन्हा लावला. घोटा चाचपला, वर पोटरी चाचपली आणि बोटाच्या पेराने ठोकून बघितली. टक, टक.

"कधी?" तिने विचारलं.

"लढाईत."

"म्हणून खुर्ची?"

त्यांनी मान हलवली.

"दुखलं रे?"

"हो, मे. फार."

तिने त्यांच्या दंडावर फाडकन चापट मारली. एवढ्याशा हातात तेवढं बळ कुठून आलं देव जाणे. "गाढवा! मला वाटलं, पोरगा मोठा झाला आणि मला विसरला. वीस वर्षं मी तुझ्या नावाने कुढले! पाय गेला एवढंच ना? आणि मी इथे म्हणत होते, सगळा पोरगाच गेला!"

आणि मग ती नव्वदीची बाई उठून गुडघ्यावर बसली, दोरे दोन्ही हातांत धरले आणि खणखणीत सुरात हाका घालायला लागली. एकतीस खवान तिने पटापट बोलावले. डोळ्यांचे, कानांचे, हातांचे. मग ती थांबली. डोंगराकडे तोंड केलं.

"डाव्या पायाच्या खवाना, ये रे! गुहेत राहिला असशील तर गुहेतून ये. डोंगरात राहिला असशील तर डोंगर उतरून ये. इतकी वर्षं उपाशी असशील, भात शिजलाय, मासा भाजलाय, ये. तुझ्या जागी पाहुणा आलाय बसायला, त्याच्याशी भांडू नकोस. दोघं मिळून राहा. पण घरी ये!"

हाक घातली की जमलेल्यांनी ओरडायचं असतं, "ये रे ये!" कुणी ओरडलं नाही. साऱ्या गावाने, साऱ्या पहारेकऱ्यांनी, रेडिओवाल्यांनी देशाचं गुपित नुकतंच कानांनी ऐकलं होतं. काय करावं कुणाला कळेना.

आणि खालून एकच घोगरा आवाज आला. "ये रे ये!"

सिसाना. हातात खुर्ची तशीच, डोळ्यांतून धारा. त्याने ती खुर्ची खाली आपटली आणि पुन्हा ओरडला, "ये रे ये!" मग एका पायाचा एक म्हातारा कुबडी उंचावून ओरडला. मग त्या मघाच्या खिदळणाऱ्या बायका. मग झाडांवरची पोरं. मग सगळा गाव असा गर्जला की घराचे खांब थरथरले. मीही ओरडत होते, मराठीत, बेंबीच्या देठापासून. पक्षाच्या पुस्तकाची आठवण कुणालाच नव्हती.

मेने लेकाच्या मनगटाला दोरा बांधला, गाठ दातांनी आवळली. तेवढ्याने तिचं समाधान होईना. तिने खाली वाकून रबरी पायाच्या घोट्यालाही एक दोरा बांधला आणि त्याच्यावर हात फिरवला. लुंग हसत होते आणि रडत होते, आणि दोन्ही कुणापासून लपवत नव्हते.

मग ती कठड्याला धरून उभी राहिली आणि खाली अंगणात बघून खेकसली, "ढोलवाले मेले काय सगळे? वाजवा की! माझा थोंग घरी आलाय!"